'वन्स इन अ ब्लू मून' कधी म्हणायचं आणि कधी नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'वन्स इन अ ब्लू मून' या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ नुसतं 'क्वचित' की 'दोन-तीन वर्षांतून एकदा'? वाक्यात तो कुठे बसवायचा? ऑफिसच्या मेलमध्ये चालतो का? आणि बातम्यांमध्ये अधूनमधून येणाऱ्या 'ब्लू मून'शी, म्हणजे बहुधा एकाच इंग्रजी महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेशी, त्याचं नातं काय?

अर्थ 'फार क्वचित' असा आहे आणि त्यात कोणताही आकडा दडलेला नाही. 'ब्लू मून पावणेतीन वर्षांनी येतो, म्हणून या वाक्प्रचाराचा अर्थ पावणेतीन वर्षांतून एकदा' असं स्पष्टीकरण जागोजागी वाचायला मिळतं. ते उलटं आहे. वाक्प्रचार जुना आहे आणि पौर्णिमेचा तो हिशेब त्याला नंतर चिकटला. तो कसा चिकटला ते पुढे सांगतो, आधी वापराचं बघू.

हा वाक्प्रचार योग्य जागी बसतोय का, हे तपासायला तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ती गोष्ट पुन्हा पुन्हा घडणारी हवी. आयुष्यात एकदाच घडलेल्या गोष्टीला तो चालत नाही. दुसरी, दोन वेळांमधलं अंतर बोलणाऱ्याला त्या गोष्टीच्या मानाने लांब वाटायला हवं. रोज बाहेर जेवणारा माणूस महिन्यातून एकदा घरी जेवत असेल तर त्याच्या घरच्या जेवणाला 'वन्स इन अ ब्लू मून' शोभतं, पण महिन्यातून एकदा केस कापणाऱ्याला ते म्हणता येणार नाही. तिसरी, ठरलेला काळ नको. 'आम्ही दर दिवाळीला गावी जातो' हे वर्षातून एकदाच असलं तरी ठरलेलं आहे, म्हणून तिथे 'वन्स अ यिअर' म्हणायचं. गावी जाणं दोन वर्षं राहून गेलं, मग एखाद्या मे महिन्यात घडलं, मग पुन्हा तीन वर्षं नाही, असं असेल तरच ब्लू मून.

मराठीत याला सर्वात जवळचा शब्द 'सटीसहामाशी'. तोही अनियमित आहे, घरगुती आहे आणि त्यातही किंचित तक्रारीचा सूर असतो. 'सटीसहामाशी कधी फोन करतो' हे वाक्य 'ही कॉल्स वन्स इन अ ब्लू मून'ला इतकं नेमकं बसतं की आणखी शोधायची गरज नाही. 'कधीमधी' आणि 'अधूनमधून' हे शब्द भाषांतरात फार वापरले जातात, पण ते पातळ आहेत. त्यांना इंग्रजीत 'नाऊ अँड देन' पुरतं. 'अवस-पुनवेला' ऐकायला चंद्राचा म्हणून मोह होतो, तरी त्याची वारंवारता जास्त आहे.

'कपिलाषष्ठीचा योग' हा शब्दकोशांतून सर्रास दिला जाणारा प्रतिशब्द आहे, आणि मला तो निम्म्याहून अधिक वेळा चुकीचा वाटतो. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतीपात असं सगळं एकत्र आलं की तो योग होतो. म्हणून मराठीत तो शब्द अनेक अनुकूल गोष्टी एकाच वेळी जुळून येण्यासाठी वापरतात: चारही भावंडं एका दिवशी घरात, वर पाऊसही थांबलेला. त्यात आनंद आहे, जुळून येण्याचं नवल आहे. ब्लू मूनमध्ये जुळणं नाही, फक्त विरळपणा आहे. मुलगा सटीसहामाशी भांडी घासतो, यात कपिलाषष्ठी आणली तर वाक्य उपरोधाचं होतं. तसा उपरोध हवा असेल तर जरूर आणावी. 'उंबराचं फूल' मात्र वेगळंच: ते माणसाला किंवा वस्तूला लावायचं, क्रियेला नाही. 'तू तर उंबराचं फूल झालास' याचं इंग्रजी 'वी सी यू वन्स इन अ ब्लू मून' असं वाक्य फिरवूनच करावं लागतं.

आता व्याकरण. हा वाक्प्रचार क्रियाविशेषणाचं काम करतो आणि बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो: 'शी ईट्स मीट वन्स इन अ ब्लू मून.' सुरुवातीलाही चालतो, पण मग जोर बदलतो: 'वन्स इन अ ब्लू मून, ही कुक्स' असं म्हटलं की स्वयंपाक करणं हीच बातमी ठरते. मधे, म्हणजे कर्ता आणि क्रियापद यांच्या फटीत तो घालू नये. 'रेअरली' तिथे बसतं, हे बसत नाही. 'ओन्ली' लावायचं असेल तर अगदी आधी: 'ओन्ली वन्स इन अ ब्लू मून'. 'डू यू एव्हर स्मोक?' अशा प्रश्नाला तो एकटा उत्तर म्हणूनही पुरेसा आहे.

काळ साधा ठेवायचा. सवयीसाठी साधा वर्तमानकाळ, जुन्या सवयीसाठी साधा भूतकाळ: 'माय ग्रँडफादर स्पोक अबाउट इट वन्स इन अ ब्लू मून.' जंगलात बिबट्या दिसण्यासारख्या गोष्टीला 'विल' किंवा 'माइट' चालतं. चालू काळ चालत नाही: 'आय अॅम गोइंग टू द जिम वन्स इन अ ब्लू मून' हे आपल्याकडे हमखास ऐकू येतं, 'आय गो' हवं. एकदाच काश्मीर पाहिलं असेल तर 'आय हॅव व्हिजिटेड काश्मीर वन्स इन अ ब्लू मून' म्हणणं चूक आहे. तिथे 'जस्ट वन्स' म्हणा.

सर्वात जास्त चुका नकारात होतात. वाक्प्रचारात नकाराचा भाव आधीच आहे, त्यामुळे 'नेव्हर', 'हार्डली', 'रेअरली' किंवा 'डोन्ट' सोबत आणलं की अर्थ कोलमडतो. 'ही हार्डली कम्स वन्स इन अ ब्लू मून' यात दोनदा 'क्वचित' झालं. याचं मूळ मराठीत आहे. आपण 'क्वचितच येतो' म्हणतो आणि 'सहसा येत नाही' असंही म्हणतो. इंग्रजी वाक्य रचताना दोन्ही साचे डोक्यात एकदम येतात आणि एकात एक मिसळतात. क्रियापद होकारार्थी ठेवलं की प्रश्न मिटतो.

शब्द बदलू नयेत. 'अ'च्या जागी 'द' नाही, 'इन'च्या जागी 'ऑन' नाही, 'मून्स' असं अनेकवचन नाही, 'व्हेरी ब्लू मून' नाही. गोष्टींच्या सुरुवातीच्या 'वन्स अपॉन अ टाइम'ची सवय असल्याने 'वन्स अपॉन अ ब्लू मून' असंही लिहिलेलं दिसतं, तेही चूक. नामाच्या आधी विशेषण म्हणून वापरलं तर पाचही शब्द आडव्या रेघांनी जोडायचे: 'अ वन्स-इन-अ-ब्लू-मून इव्हेंट'. वाक्याच्या शेवटी त्या रेघा नकोत. मोठी अक्षरंही नकोत, कारण हे विशेषनाम नाही.

उच्चारात पहिले तीन शब्द एका श्वासात जातात, 'वन्सिना' असे. सगळा जोर 'ब्लू मून'वर. मधला 'अ' हलका असतो, त्याचा 'ए' केला की पाठ केल्यासारखं वाटतं.

सुराबद्दल दोन शब्द. स्वतःबद्दल बोलताना हा वाक्प्रचार निरुपद्रवी आहे. दुसऱ्याबद्दल, त्यातही त्याच्या तोंडावर वापरला की तो टोमणा होतो. 'यू कम ऑन टाइम वन्स इन अ ब्लू मून' हे वरिष्ठाने हसत म्हटलं तरी ऐकणाऱ्याला लागतं, कारण त्यात 'एरवी नेहमी उशीर' हा आरोप आहे. कौतुक करायचं असेल तर हा शब्द टाळा. 'असे सहकारी वन्स इन अ ब्लू मून भेटतात' अशी वाक्यं निरोप समारंभात वाचली जातात. ती समजतात, पण तिथे 'रेअर' हा साधा शब्द जास्त भारदस्त दिसतो.

ऑफिसच्या मेलमध्ये सहकाऱ्याला लिहिताना हरकत नाही. ज्या मजकुरावरून कुणीतरी निर्णय घेणार आहे तिथे मात्र नको. 'सर्व्हर वन्स इन अ ब्लू मून बंद पडतो' यावरून दुरुस्तीची निकड कुणालाच कळणार नाही. 'सहा महिन्यांत २ वेळा, दोन्ही वेळा रात्रीच्या बॅकअपच्या वेळी' असं लिहा. करार, लेखापरीक्षणाचं उत्तर, तक्रार, विमा अर्ज यांतही हेच. परदेशात राहणाऱ्यांना डॉक्टरकडे याचा खरा त्रास होतो. दारू किती घेता, छातीत कधी दुखतं का, या प्रश्नांना 'वन्स इन अ ब्लू मून' म्हटलं की डॉक्टर लगेच विचारतो, 'म्हणजे वर्षातून किती वेळा?' ते आधीच सांगितलेलं बरं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या बोलण्याच्या भागात असे वाक्प्रचार सहज आले तर गुणांना मदत होते. त्याच परीक्षेच्या निबंधात तो घरगुती वाटतो, तिथे 'रेअरली' किंवा 'ऑन रेअर ओकेजन्स' लिहावं.

शेजारचे वाक्प्रचार गोंधळात टाकतात. 'वन्स इन अ व्हाइल' याच्याहून बराच वरचेवर, 'अधूनमधून'. 'वन्स इन अ लाइफटाइम' म्हणजे जन्मात एकदा, आणि तो बहुधा चांगल्या संधीसाठी. 'व्हेन पिग्ज फ्लाय' म्हणजे कधीच नाही. 'आउट ऑफ द ब्लू' म्हणजे ध्यानीमनी नसताना, अचानक. इथे ब्लू म्हणजे निरभ्र आकाश, चंद्राचा काही संबंध नाही. 'ओव्हर द मून' म्हणजे आनंद गगनात न मावणं आणि 'मेनी मून्स अगो' म्हणजे फार पूर्वी. ब्रिटन आणि अमेरिकेत ब्लू मूनच्या अर्थात फरक नाही, ही एक सोय.

आता चंद्राकडे. इंग्रजीत निळा चंद्र पहिल्यांदा येतो तो अशक्यतेचं उदाहरण म्हणून. १५२८ साली छापलेल्या, धर्मगुरूंवर टीका करणाऱ्या एका पद्यात असा आशय आहे की ते चंद्र निळा आहे म्हणाले तर आपण तेही खरं मानायचं. म्हणजे चंद्र निळा म्हणणं ही उघड थाप. पुढे 'निळा चंद्र दिसेल तेव्हा' याचा अर्थ 'कधीच नाही' असा झाला. १८२१ मध्ये लंडनच्या बोलीत 'या ब्लू मूनमध्ये तुला पाहिलंच नाही', म्हणजे 'फार दिवसांत पाहिलं नाही', असा वापर छापील सापडतो. 'कधीच नाही'चं 'फार दिवसांनी' झालं आणि त्यातून १९व्या शतकात 'वन्स इन अ ब्लू मून' रुळला. या सगळ्यात महिन्यातल्या दोन पौर्णिमांचा मागमूस नाही.

तो हिशेब अमेरिकेतून आला. मेन राज्यातल्या शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या 'मेन फार्मर्स अल्मनॅक' या पंचांगात एका ऋतूत (तिकडचे ऋतू तीन-तीन महिन्यांचे) तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या की तिसरीला ब्लू मून म्हणत. चौथीला नव्हे, कारण पौर्णिमांना ऋतूनुसार नावं होती आणि ऋतूतल्या शेवटच्या पौर्णिमेचं नाव शेवटचीलाच राहायला हवं होतं. १९४३ मध्ये 'स्काय अँड टेलिस्कोप' या खगोलविषयक मासिकात १९३७च्या त्या पंचांगाचा उल्लेख आला, पण नियम नीट सांगितला गेला नाही. मार्च १९४६ मध्ये त्याच मासिकात जेम्स ह्यू प्रुएट यांनी त्यावरून अर्थ काढला: वर्षात तेरा पौर्णिमा, म्हणजे एका महिन्यात दोन, आणि त्यातली दुसरी ब्लू मून. हे चुकीचं वाचन होतं. १९८०च्या जानेवारीत 'स्टारडेट' या रेडिओ कार्यक्रमाने ती व्याख्या सांगितली, १९८६ मध्ये 'ट्रिव्हियल परसूट' या खेळाच्या प्रश्नांत ती शिरली आणि जगभर पोचली. १९९९ मध्ये मासिकाने स्वतःच शोध घेऊन आपली चूक जाहीर केली, पण तोवर व्याख्या पक्की झाली होती. आज दोन्ही व्याख्या चालतात. म्हणूनच १९ ऑगस्ट २०२४ च्या नारळी पौर्णिमेला पाश्चात्त्य वृत्तसंस्था ब्लू मून म्हणत होत्या, जरी त्या महिन्यात दुसरी पौर्णिमा नव्हती. ती ऋतूतल्या चारांपैकी तिसरी होती.

हिशेब मराठी वाचकाला ओळखीचा आहे. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवस. १९ वर्षांत इंग्रजी महिने २२८ आणि पौर्णिमा २३५, म्हणजे सात जादा. या १९ वर्षांच्या चक्राला इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या अथेन्सच्या मेटन या खगोलज्ञाचं नाव आहे. आपले अधिक मास १९ वर्षांत सातच येतात, त्याच कारणाने: बारा चांद्रमास सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी पडतात आणि ती तूट सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना घालून भरावी लागते. 'दुष्काळात तेरावा महिना' यातला तेरावा तो हाच. अमेरिकन शेतकऱ्याचा तेरावा चंद्र आणि आपला धोंड्याचा महिना एकाच तुटीतून निघालेत.

तरी दोन्ही दर वेळी एकत्र पडत नाहीत. अधिक मास ठरतो तो त्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत झाली नाही म्हणून, तर लोकप्रिय ब्लू मून ठरतो तो इंग्रजी महिन्यांच्या कृत्रिम सीमांवरून. २०२३ मध्ये जुळलं: २ ऑगस्टला मध्यरात्र उलटताच संपलेली अधिक श्रावणातली पौर्णिमा आणि ३१ ऑगस्टच्या सकाळी ७च्या सुमाराची निज श्रावणातली, दोन्ही एकाच इंग्रजी महिन्यात. २०२६ मध्ये १ मेची बुद्धपौर्णिमा आणि ३१ मेची अधिक ज्येष्ठातली, हेही जुळलेलंच. पण २०१८ मध्ये जानेवारी आणि मार्च असे दोन ब्लू मून झाले, फेब्रुवारीत पौर्णिमाच नव्हती, आणि अधिक ज्येष्ठ लागला मेच्या मध्यावर. फेब्रुवारीत ब्लू मून कधीच होऊ शकत नाही, कारण २९ दिवसही कमी पडतात. ३१ दिवसांच्या महिन्यात पहिली पौर्णिमा साधारण २ तारखेच्या दुपारच्या आत आली तरच दुसरीला जागा मिळते.

घड्याळामुळेही देश बदलतो तसा महिना बदलतो. २००७ मध्ये एक पौर्णिमा जागतिक वेळेनुसार १ जूनला रात्री १ वाजून ४ मिनिटांनी होती. अमेरिकेत तेव्हा ३१ मेची संध्याकाळ होती, म्हणून त्यांचा ब्लू मून मेमध्ये झाला. भारतात १ जूनची सकाळ होती, आणि ३० जूनच्या संध्याकाळी पुढची पौर्णिमा आली, म्हणून आपला जूनमध्ये. परदेशी बातमीतली तारीख तशीच उचलताना हे पाहावं लागतं.

चंद्र खरोखर निळा दिसतो का? दिसतो, पण पौर्णिमेमुळे नाही. हवेत साधारण एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आसपासचे, बऱ्यापैकी एकाच आकाराचे कण भरपूर असतील तर ते तांबडा प्रकाश जास्त विखुरतात आणि निळसर प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो. १८८३ मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटल्यावर असे चंद्र दिसले. सप्टेंबर १९५० मध्ये पश्चिम कॅनडातल्या वणव्यांचा धूर अटलांटिक ओलांडून गेल्यावर स्कॉटलंडमध्ये सूर्य आणि चंद्र निळे दिसले होते. वाक्प्रचार क्राकाटोआमुळे जन्मला असंही कुठेकुठे लिहिलेलं असतं. पण त्यातला 'ब्लू मून' त्याच्या निदान साठ वर्षं आधीपासून लोकांच्या तोंडी होता. बातमीसोबत येणारे गडद निळ्या चंद्राचे फोटो बहुतेक रंग चढवलेले असतात.

मराठीत बातमी लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. 'आज दिसणार निळा चंद्र' हा मथळा वाचकाला गच्चीवर पाठवतो आणि फसवतो. 'महिन्यातली दुसरी पौर्णिमा' हेही अपुरं आहे, कारण आपल्या चांद्रमासात पौर्णिमा एकच असते, दुसरी येऊच शकत नाही. 'एकाच इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा' असं लिहावं, आणि ऋतूवरची व्याख्या असेल तर 'या ऋतूतल्या चार पौर्णिमांपैकी तिसरी' असं. 'ब्लू मून' हे नाव द्यायचं असेल तर ते तसंच ठेवून, पुढच्याच वाक्यात चंद्राचा रंग नेहमीचाच असेल, हे सांगून टाकावं.